तुकडा पाहिल्याशिवाय ग्लँड न देणाऱ्या तावडेबाई

श्रीमती मालतीबाई तावडे यांची आणि माझी पहिली भेट अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या कंपनीच्या स्टोअरच्या खिडकीशी झाली आणि त्याच भेटीत त्यांनी मला परत पाठवले. ऐंशी-एक्क्याऐंशीचा काळ. मी नुकताच डिप्लोमा पदरात पाडून घेतलेला, खिशात कॅटलॉग, डोक्यात हवा. केबल जिथे लोखंडी पेटीत शिरते तिथे तिला घट्ट धरणारे पितळी कडे, म्हणजे ग्लँड, त्याचा नंबर मी चिठ्ठीवर लिहून दिला. बाईंनी चिठ्ठी तशीच माझ्याकडे सरकवली.

"कागदावरचा आकडा कागदाला बसव," त्या म्हणाल्या. "मला केबलचा तुकडा आणून दाखव."

बाईंचे शिक्षण सातवीपर्यंत. लग्न होऊन कोकणातून जोगेश्वरीला आल्या, कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागल्या आणि पाहता पाहता स्टोअर त्यांच्या हाती आले. तुकडा मिळाला की त्या सुरीने वरचे प्लास्टिक सोलत, खालच्या लोखंडी तारा उलगडत, आतले अंग व्हर्नियरने मोजत आणि मगच खणात हात घालत. रबरी रिंग केबलला सगळीकडून टेकली पाहिजे आणि नट आवळायला दोन आटे शिल्लक राहिले पाहिजेत, हा त्यांचा कायदा. पन्नास मापाची केबल सगळ्या कंपन्यांच्या कागदावर पन्नासच, पण अंगाची जाडी ज्याची त्याची निराळी. कासारसुद्धा हात बघून बांगडी भरतो, वय विचारून नाही, असे त्या ऐकवत. मी थक्क होऊन बघत राहायचो. एवढे आमच्या कॉलेजात कुणी शिकवले नव्हते.

आमचे सर्वांत जुने वायरमन सावंत यांची नजर अधू होऊ लागली आहे, हे बाईंनी सगळ्यांच्या आधी ओळखले. त्या ग्लँड त्यांच्या तळहातावर ठेवत आणि रजिस्टरात लिहिताना नंबर मोठ्याने म्हणत, जणू स्वतःसाठीच. सावंतांची अब्रू राहिली. हाताचे काम तर त्यांच्यासारखे कुणाचेच नव्हते.

आता जे लिहितो ते साठीच्या गौरवग्रंथात सहसा लिहीत नाहीत. चारकोपला एका वसाहतीतल्या पाच इमारतींच्या पंपघरांचे काम माझ्याकडे होते. चार इमारतींना जो ग्लँड लागला तोच पाचवीला मागायला मी गेलो. बाईंनी तुकडा मागितला. मी म्हणालो, मी स्वतः मोजला आहे, साइटवर विसरलो. ही शुद्ध थाप होती. बाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदाच तुकडा न पाहता ग्लँड दिला.

केबल दुसऱ्या कंपनीची निघाली, अंगाने बारीक. ग्लँडमध्ये ती हलू लागली. परत जायची लाज वाटली, म्हणून मी लोखंडी तारांवर चिकटपट्टी गुंडाळून तिला जाड केले आणि नट आवळला. पेटीत चुकून वीज उतरली तर ती त्या तारांतूनच जमिनीत जायची असते. मी तिची वाटच बंद केली होती. काही दिवसांनी पेटीत वीज उतरली आणि सावंतांनी पेटीला हात लावला. ते भिंतीवर फेकले गेले. जीव वाचला, उजवा हात दोन महिने गळ्यात होता. मी धावत पोहोचलो, आधी सावंतांना इस्पितळात पाठवले आणि मग परत येऊन ती पट्टी सोलून खिशात घातली.

मालकांसमोर उरला तो फक्त मोठा ग्लँड आणि बारीक केबल. हा दिला कुणी, असे त्यांनी विचारले. बाई पुढे झाल्या. तुकडा न बघता मीच दिला, एवढेच म्हणाल्या. माझे नावसुद्धा घेतले नाही. निष्काळजीपणाचा मेमो त्यांच्या फाइलला लागला, तो आजही आहे. मी शेजारी उभा होतो, पट्टी खिशात.

गेल्या आठवड्यात या लेखाच्या निमित्ताने मी बाईंच्या घरी गेलो आणि सगळे सांगून टाकले. त्या शांतपणे वाटाणे सोलत होत्या.

"पट्टीचं मला ठाऊक होतं रे," त्या म्हणाल्या. "तारांना गोंद लागलेला होता."

मग तेव्हा बोलला का नाहीत, असे मी विचारले.

"तुकडा मागायचं काम माझं. मी सोडलं, ती चूक माझी. तुझी चूक तुझी, ती मी कशाला सांगू?" मग वाटाण्यांचे ताट बाजूला ठेवून त्यांनी विचारले, "सावंतांना सांगितलंस?"

नाही म्हणालो. त्यावर बाई म्हणाल्या, आधी तिथे जा, मग माझ्यावर काय लिहायचंय ते लिही.

मी गेलो. सावंतांनी सगळे ऐकून घेतले. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, की हे बाईंच्या समारंभात वाचून दाखवणार का. हो म्हणालो. "मग मी येतो," ते म्हणाले.

मालकांना माझी जाहीर विनंती आहे, की बाईंच्या फाइलमधला मेमो काढून माझ्या फाइलला लावावा. बाईंनी आज साठी पूर्ण केली. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, त्यांची तिखट जीभ आणि तिखट नजर अशीच राहो, आणि आमच्यासारख्यांना परत पाठवण्याचे बळ त्यांच्या अंगी शंभर वर्षे टिको. तेव्हा मी एकदा परत गेलो असतो, तर सावंतांचा हात गळ्यात आला नसता.