देवघरातला पेन ड्राइव्ह

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, जळगावला आईजवळ नाही, आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं त्या नानांजवळ तर नाहीच नाही. तुमच्याजवळ बोलतेय, कारण तुम्ही आमच्या ओट्यावर नानांशेजारी चहाला बसणार नाही. बसलातच तर माझ्याकडे बघू नका, एवढंच.

आधी नाना कोण ते सांगते. त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही — आणि खरं सांगू का, त्यांच्याबद्दल बोलत राहिलं की मूळ गोष्ट तेवढीच लांबते.

नाना म्हणजे माझे सासरे. आम्ही धुळ्यात, देवपूरला राहतो. निवृत्त झाल्यावर लोक सकाळी फिरायला जाऊ लागतात, नानांनी कॉम्प्युटर आणला. आणला म्हणजे कसा, नवरीसारखा. हळद, कुंकू, नारळ, आणि कीबोर्डवर चांगल्या मूठभर अक्षता. त्यातला एक तांदूळ एका बटणाखाली जाऊन बसला, तो कधी निघाला नाही. ते बटण दाबलं की आजही कुरकुरतं. दसऱ्याला मॉनिटरला झेंडूची माळ घालायची आणि नाना पाणी शिंपडायला लागले की योगेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांचा हात धरायचा, हा आमच्या घरचा रिवाज.

त्यांना शिकवलं मी. मी शाळेत कॉम्प्युटरच शिकवते, त्यामुळे घरातली जाणकार मीच. अनोळखी फाइल उघडायची नाही. अँटिव्हायरस कधी बंद करायचा नाही. जे जपायचं त्याची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर ठेवायची, आणि काम झालं की तो काढून वेगळा ठेवायचा. मुलांना दरडावते तसंच त्यांनाही दरडावून सांगितलं. मुलं विसरतात. नाना कुठले विसरायला?

भावकीत कुणाची सोयरीक जुळायला लागली की पहिला फोन नानांना यायचा. देवक एक तर नाही ना, जुनं नातं कुठे लागतं का, मुलीची आजी कुठल्या गावची — नाना डोळे मिटायचे आणि तीन पिढ्या घडाघडा म्हणून दाखवायचे. फोन ठेवताना मिशीतल्या मिशीत हसायचे. त्यांच्या डोक्याचा त्यांना फार अभिमान होता. आम्हालाही होता.

माझा एकच नियम ते पाळत नसत. लग्नाच्या पत्रिकेची फाइल आली, की पाठवणारा कोण हे न बघता उघडायचे. मी चिडायचे. ते शांतपणे म्हणायचे, "आवतन शे ना, मंग उघाडनंच पडस." आलेलं आमंत्रण न उघडता टाकणं त्यांना दारात आलेल्या माणसाला हाकलल्यासारखं वाटायचं. ओळखपाळख नसलेल्या नवरानवरीला स्क्रीनवरच नमस्कार करायचे. यावरून आमची रोज गोड भांडणं व्हायची. त्यांच्या या भोळेपणाचा पुढे मी किती सोयीने उपयोग केला — तेच तर सांगायचंय.

अक्का म्हणजे नानांची मोठी बहीण. दिलेली जळगावच्या पूर्वेला, केळीच्या भागात. हळदीची गाणी म्हणावीत तर अक्कांनी. त्या थकल्या तेव्हा नाना बसने त्यांच्याकडे जाऊन बसायचे आणि मोबाइलवर गाणी भरून आणायचे. मध्येच अक्का ओरडायच्या, "भाऊ, ठेव तो फोन, चहा पी ले आधी!" तेही त्यात आलेलं. गाण्यापेक्षा तेच ऐकून नाना जास्त हसायचे. ही सगळी गाणी मोबाइलवरून काढून कॉम्प्युटरवर, आणि दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर. तो पेन ड्राइव्ह नाना कुठे ठेवायचे माहीत आहे? देवघरात, कुंकवाच्या डबीशेजारी, एका रिकाम्या करंड्यात. त्यांच्या मते घरातली त्याहून सुरक्षित जागा नव्हती. नंतर अक्का गेल्या.

माझ्या भावाचं जळगावला लग्न ठरलं, तेव्हाची ही गोष्ट. पत्रिकेचा व्हिडिओ मी करते म्हणून आईला सांगून बसले होते. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर विकतचं. एका साइटवर ते फुकट मिळत होतं. तिथेच लिहिलेलं — बसवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. हे असं का लिहितात, हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर समजावून सांगते. कळतंय ना तुम्हाला? मला माहीत होतं. लाल चौकट दोनदा आली, दोनदा मी ती बंद केली. मग अँटिव्हायरसच बंद केला. घरात त्या वेळी कुणी नव्हतं. नाना बँकेत गेले होते.

दुसऱ्या दिवशी एकही फाइल उघडेना. सगळ्यांच्या नावांपुढे भलतीच अक्षरं, आणि पडद्यावर पैसे मागणारा इंग्रजी मजकूर. दुरुस्तीवाला आला, त्याने मान हलवली. म्हणाला, "हल्ली पत्रिकेच्या नावाने येतं हे. कुणीतरी उघडली असेल." सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. मीही पाहिलं — हो, मीही. नानांनी आदल्याच दिवशी कसलीशी पत्रिका उघडली होती. ते खुर्चीवरून उठले आणि दुरुस्तीवाल्याला बसायला जागा दिली.

इथेच थांबले असते तरी... नाही, तरीही ते वाईटच होतं. पण खरी गोष्ट याच्या पुढे आहे, आणि इतका वेळ मी तिच्याभोवतीच फिरतेय.

योगेश म्हणाला, जाऊ द्या, देवघरात दुसरी प्रत आहे. करंडा उघडला, तर रिकामा. पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरलाच लावलेला होता, मागच्या बाजूला, आणि त्यातलंही सगळं गेलेलं. तो तिथे मी लावला होता. पत्रिकेच्या व्हिडिओला मागे अक्कांचं एखादं हळदीचं गाणं छान वाटेल म्हणून मी न विचारता करंड्यातून काढला आणि तसाच राहू दिला. "हा कुणी लावला?" योगेशने विचारलं. साधा प्रश्न. मी तिथेच उभी होते. एका शब्दाचं उत्तर होतं. मला काय झालं? चार लोकांत कॉम्प्युटरची बाई म्हणून मिरवते, ते जाईल असं वाटलं? सासरी मान खाली जाईल असं? मी गप्प बसले. आणि तेवढ्यात नाना हळूच म्हणाले, "मीच लायेल व्हई. मीच इसरी गऊ व्हई."

त्यांना आठवत नव्हतं. कसं आठवेल, जे त्यांनी केलंच नव्हतं? पण आठवत नाही, म्हणजे आपण विसरलो, असंच त्यांनी धरलं. आणि मी ते तसंच धरू दिलं.

अक्कांची गाणी गेली, त्याचं दुःख नाना बोलून दाखवतात. दुसरं जे गेलं ते बोलत नाहीत, पण मला रोज दिसतं. गॅस बंद आहे ना हे पाहायला परत परत स्वयंपाकघरात येतात. कुलूप ओढून पाहतात, पुन्हा ओढून पाहतात. सोयरिकीसाठी फोन आला की म्हणतात, "मन्हा भरोसा नका धरू, दुसऱ्याले इचारा." डोळे मिटून पिढ्या म्हणणं बंद झालं. आणि लग्नाची पत्रिका आली की फोन घेऊन माझ्याकडे येतात, शाळेतल्या मुलासारखे दारात उभे राहतात. "सूनबाई, हाई उघाडू का?" मी बघते. उघडा म्हणते. मग उघडतात. मोठ्या प्रेमाने म्हणतात, सून हुशार आहे म्हणून घर सांभाळलं जातंय.

मागच्या आठवड्यात नानांनी एक नवीनच खूळ काढलं. अक्कांची गाणी स्वतःच म्हणून भरायची. पुरुष माणूस, फाटलेला आवाज, हळदीची गाणी — योगेश आणि मी दाराआड तोंड दाबून हसत होतो. इतके गोड दिसत होते, गळ्याला मफलर गुंडाळून फोनसमोर मान डोलावत. एक गाणं अर्धं झालं आणि ते थांबले. पुढची ओळ म्हणाले, परत थांबले. मान हलवली. मला हाक मारली आणि म्हणाले, ही ओळ अशी नसणार, माझी चुकतेय.

ओळ चुकलेली नव्हती. त्या पेन ड्राइव्हवरचं ते गाणं मी ऐकलं होतं, अक्का अगदी तीच ओळ म्हणायच्या. मी सांगितलं, "बरोबर आहे नाना, अशीच आहे."

ते माझ्याकडे बघून हसले. "तू मन्हं मन राखाकरता सांगस," म्हणाले, आणि गाणं तिथेच सोडून दिलं. मग अर्ध्या गाण्यांचा नवा पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. देवघरात नको म्हणाले. "तुन्हाजोडे ऱ्हाऊ दे. मी इसरी जास."

तो माझ्या कपाटात आहे. पहिला करंड्यातून मी काढला होता. अँटिव्हायरस मी बंद केला होता. नाना काहीच विसरले नव्हते.