पेपर चालू असताना

“मावशी, पाहुण्यांना पाणी आणा.”

सर हॉलच्या दारात उभे होते. मागं विद्यापीठाचं भरारी पथक. मी तिसऱ्या रांगेत, खिडकीकडच्या बाकावर. समोर उत्तरपत्रिका. हातात पेन. इतिहासाचा पेपर चालू होता आणि तो पेपर मी देत होते.

मी उठले.

उठले म्हणजे काय, विचार करून नाही उठले. पाय उठले. वाक्य अर्धं राहिलं होतं. हैदराबाद संस्थानावरचा प्रश्न होता, माझ्या आवडीचा. निजामाच्या राज्यात शेतसारा कसा वसूल व्हायचा ते लिहीत होते. पेनाला टोपण लावलं, बाकावर ठेवलं, पदर खोचला आणि निघाले. सरांच्या अंगावरूनच बाहेर गेले. पथकातल्या एका बाईंनी मला वाट दिली.

पॅन्ट्रीत गेले. ट्रे काढला, पेले विसळले, जारमधलं पाणी भरलं. प्राचार्यांच्या खोलीत नेऊन दिलं. आमच्याकडं हीच रीत आहे. पथक आलं की आधी पाणी, मग चहा, काजूची बशी, त्यानंतर तपासणी. सर म्हणाले, “चहाचंही सांगून ये.” मी कॅन्टीनला जाऊन तेही सांगितलं. परत येताना जिन्यात माझी नजर माझ्या साडीवर गेली. पिवळी साडी. आम्हा शिपाई बायांना कॉलेजात मोरपंखी साडीचा गणवेश आहे. पिवळी मी घरची नेसले होते, कारण त्या दिवशी मी रजेवर होते. परीक्षा होती माझी.

मग मी धावले.

हॉलच्या दारात आमच्यावर देखरेखीला असलेल्या मॅडम उभ्या. वयानं लहान, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या, म्हणजे जितके तास तितकाच पगार, आणि पुढच्या वर्षी ठेवतील की नाही तेही ठाऊक नाही. त्यांच्या हातात माझी उत्तरपत्रिका होती.

“ताई, तुम्ही न विचारता हॉल सोडला. सरांनी सांगितलंय, पेपर काढून घ्या म्हणून.”

“अहो मॅडम, सरांनीच पाठवलं ना मला! तुमच्यासमोर!”

मॅडम खाली बघायला लागल्या. तेवढ्यात सर आले. सर म्हणजे आमच्या केंद्राचे मुख्य पर्यवेक्षक. इतिहासाचेच प्राध्यापक. गंगापूरकडं उसाची शेती, शहरात बंगला, संस्थेत वजन. मी हात जोडून सगळं सांगितलं. हो, हात जोडले. सर शांतपणे म्हणाले,

“मी पाणी मावशीला सांगितलं होतं. परीक्षार्थीला नाही. परीक्षार्थीनं उठायचं कशाला?”

हॉलमधली पोरं हसली. सगळी नाही, पण हसली. ह्याच पोरांच्या वर्गाची कुलपं रोज मी उघडते. सर पुढं म्हणाले, “नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या वेळी दे. तुम्हा बहिःस्थ लोकांना काय, वर्गात तर बसायचं नसतंच. बाहेरच्या बाहेर पदवी.”

बहिःस्थ. ज्याला कॉलेजात रोज यायला जमत नाही, त्यानं घरी अभ्यास करायचा, वर्षभर कुणी शिकवणार नाही, नुसती परीक्षा द्यायची, पास झालं की पदवी. कायद्यानं ती पदवी तीच. तेच विद्यापीठ, तोच पेपर. पण आमच्या स्टाफरूममध्ये बहिःस्थ म्हटलं की तोंड वाकडं होतं. आयतोबांचा धंदा म्हणतात. मला तर हसूच येतं. मी रोज कॉलेजात येते, सगळ्यांच्या आधी येते. वर्गात मात्र फक्त खडू ठेवायला जाते.

नवरा ह्याच कॉलेजात शिपाई होता. तो गेला आणि त्याच्या जागी अनुकंपावर मला घेतलं. तेव्हा मी बारावी झालेली. गावाकडं आमच्या वस्तीतली बारावी झालेली पहिली मुलगी. सासू मुकुंदवाडीच्या घरात पोरं सांभाळायची आणि म्हणायची, “तू पुढं शिक बाई. झाडू तर आपल्या हातात हायेच, तो कुठं पळून जातो?” कॉलेजातले मोठे लिपिक निवृत्त होणार होते. आतल्या कर्मचाऱ्यांपैकी कुणी पदवीधर असेल तर आधी त्याला ती जागा द्यायची, असं संस्थेनं ठरवलं होतं. आतल्यांपैकी पदवीच्या टोकाला पोचलेली मी एकटी. शेवटचं वर्ष. एवढे पेपर निघाले की ट्रे सुटणार होता. खुर्ची मिळणार होती, टेबल मिळणार होतं. माझ्या पोरीच्या शाळेच्या कागदावर आईचा व्यवसाय म्हणून लिपिक लिहिता येणार होतं.

म्हणून तीन वर्षं मी मधल्या सुट्टीत ग्रंथालयामागच्या जुन्या खोलीत वाचत बसले. मोडक्या बाकांच्या ढिगात. हजेरीची सूचना फिरवायला वर्गाच्या दारात उभी राहिले की जितकं कानावर पडेल तितकं घेतलं. सरांचं शिकवणं चांगलं आहे. खोटं कशाला बोलू? दाराबाहेर उभं राहून ऐकलेल्या त्यांच्याच वाक्यांवर मी पेपर लिहीत होते.

आणि त्या दिवशी तो पेपर काढून घेतल्यावर मी काय केलं? सांगायला लाज वाटते, तरी सांगते. पॅन्ट्रीत गेले आणि पाहुण्यांचे उष्टे कप धुतले. रजेवर असताना. पिवळ्या साडीत. कुणी सांगितलंही नव्हतं.

कप पुसून ठेवले आणि मागच्या दारानं बाहेर पडले. रफिकचाचा गुलाबांना पाणी घालत होते. आमचे माळी. नोकरीत माझ्या नवऱ्याच्याही आधीपासून. मी कट्ट्यावर बसून रडले. त्यांनी नळ बंद केला, सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता सरांना शिव्या देतील. त्यांनी मलाच विचारलं.

“पाँव किसके थे?”

“माझेच.”

“तो उठे कायकू?”

“सवय आहे चाचा.”

“हौ. पर आदत डाल्या किन्ने? तू माँ के पेट से ट्रे लेके आई थी क्या?”

मला राग आला त्यांचा. दुःखात असलेल्या बाईला असं विचारतात का? तशीच उठून घरी गेले. पण रिक्षात बसल्यापासून तोच प्रश्न. सवय कुणी लावली? माझी आय गावात मोठ्या घरी जायची. दारात उभी राहायची. हाक आली की पळायची. मी तिच्या मागं उभी राहून ते बघितलं. मला कुणी शिकवलं नाही, मी बघितलं. शहरात आले, फरशीच्या इमारतीत आले, सरकारी पगार घ्यायला लागले, तरी हाक आली की पाय पळतातच. सरांना हे माहीत होतं. त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्यांना मी बाकावर दिसलेच नाही. हॉलमध्ये परीक्षार्थी दिसले आणि एक मावशी दिसली. मला जास्त हेच लागलं.

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला अर्ज केला. झालं ते लिहिलं. पेपर पुन्हा घ्या, असं लिहिलं. मॅडमना म्हटलं, साक्षीला तुमचं नाव घालते. त्या रडकुंडीला आल्या. “ताई, माझं नका ना घालू. मला जूनमध्ये परत घेणार नाहीत.” नाही घातलं. त्यांचाही राग आला. अजून आहे. पोटासाठी गप्प बसणं मला कळतं, मीही तेच करत आले, पण राग आहे.

अर्जाची बातमी कॉलेजात पोचायला किती वेळ लागतो? सरांनी त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. दार लोटायला सांगितलं. म्हणाले, “बस.”

इतक्या वर्षांत त्या खोलीतल्या खुर्च्या पुसल्या होत्या. बसले पहिल्यांदा. मऊ आहेत.

“हे बघ, तुझ्याबद्दल माझं वाईट मत नाही. उलट कौतुक आहे. तुमच्यात आता शिकायची आवड आलीय, चांगलं आहे.”



“तो अर्ज मागं घे. तू अर्धा पेपर तर लिहिला होतास. बाकीचं मी बघतो. तपासणारे आपलेच आहेत. पास होशील. लिपिकाच्या जागेलाही मी शब्द टाकीन.”

सगळं टेबलावर मांडलं होतं. पदवी, जागा, खुर्ची. माझं घर डोळ्यासमोर आलं. सासूचे गुडघे, पोरीची फी, सगळं आलं. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. तोंडात आला होता. सरांनी बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला माझ्यापुढं सरकवला. चेहऱ्यावर समाधान. देणाऱ्या माणसाचं असतं तसं. तो चेहरा मी लहानपणापासून ओळखते. मोठ्या घराच्या दारात आयच्या पदरात शिळं टाकायचा तोच चेहरा.

मला एकदम कळलं. सर मला पुन्हा उठवत होते. त्या दिवशी पेपरावरून उठवलं, आज माझ्या अर्जावरून. वर्गात न बसता बाहेरच्या बाहेर पदवी घेणारे बहिःस्थ, असं ते पोरांसमोर बोलले होते. आता पेपर पुरा न लिहिता पास करून ते मला तसंच करून ठेवणार होते. मग जन्मभर माझ्या गळ्यात त्यांच्या उपकाराचा पट्टा.

“सर, मला पास करू नका,” मी म्हणाले. “मला पेपर लिहायचा होता.”

त्यांना समजलंच नाही. “अगं, पासच करतोय ना.”

“ते नको. तुम्ही विद्यापीठाला खरं कळवा. मी उठले तुमच्या सांगण्यावरून. एवढंच कळवा.”

“मी? माझ्यावर घेऊ?” सर हसले. मग हसू गेलं. “जागा जाईल तुझी.”

“जाऊ द्या.”

“तुमच्यात हीच अडचण आहे. मदत केली तरी अपमान वाटतो.”

 मी विचारलं, “सर, तुमच्यात म्हणजे कुणात?”

 सरांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, ठेवला. माझी जात त्यांना माहीत आहे. नेमणुकीच्या दिवसापासून माहीत आहे. इतक्या वर्षांत ती त्यांनी एकदाही उच्चारली नाही, नुसतं तुमच्यात म्हणाले. मीही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं आणि उत्तराची वाट बघत खुर्चीत बसून राहिले. मोठा माणूस बोलायचा थांबला की मी उठायची. त्या दिवशी मी उठले नाही. सरच उठले आणि तास आहे म्हणून निघून गेले. त्यांच्या खोलीत मी एकटी. ओतलेलं पाणी तसंच ठेवलं. पेला उचलला नाही, दार ओढून घेतलं.

पुढं गोड काही झालं असेल असं वाटत असेल तर तसं नाही. विद्यापीठाचं उत्तर आलं की परीक्षार्थीनं परवानगीशिवाय कक्ष सोडल्यास पुन्हा प्रवेश देता येत नाही. कुणाच्या सांगण्यावरून सोडला, त्याबद्दल एक ओळ नाही. इतिहासात नापास झाले. बाकी सगळे पेपर निघाले. लिपिकाच्या जागेवर संस्थेच्या एका संचालकांचा भाचा आला. त्याच्या टेबलावर रोज पाण्याचा पेला मीच ठेवते. ते माझं काम आहे, कामाच्या वेळेत करते. माझ्या फाइलला एक मेमोही लागला, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. मी त्यावर सही केली आणि खाली लिहिलं, मान्य नाही.

पोरगी म्हणाली, “मम्मी, हो म्हणायचं ना. सगळेच करतात.”  सासूनं सांगितलं, “तुझी आई कुणाच्या वळचणीला गेली नाय, हे ध्यानात ठिव. लई महाग पडलंय ते तिला.” खरंच महाग पडलं. रात्री जेवताना मला त्या जागेची आठवण येते. मी देवमाणूस नाही. मला ती खुर्ची हवी होती. अजून हवी आहे.

इतिहासाचा पेपर मी पुन्हा भरला आहे. कार्यालयातून मला सुचवलं, केंद्र बदलून घे, दुसऱ्या कॉलेजात दे, तुलाही अवघडल्यासारखं नको आणि सरांनाही. मी केंद्र बदललेलं नाही. त्यांना अवघडू दे. परीक्षेच्या आठवड्याची रजा टाकली आहे, लेखी, मंजूर करून, शिक्का मारून. त्या तीन तासांत कुणी हाक मारली तर मला ऐकू येईल, पाय शिवशिवतीलही, एवढ्या वर्षांची सवय आहे. पण मी लिहीत राहणार. नापास व्हायचं असेल तर माझ्या चुकांनी होईन. कुणाच्या तहानेपायी आता होणार नाही.