डोंगरावरची तबकडी

हसणार नाही असं कबूल करा, तरच सांगतो माझी कशी वाट लागली ते.

आम्ही मुलुंडला, सहाव्या मजल्यावर. हॉलची खिडकी थेट डोंगराकडे. एका संध्याकाळी चहा घेताना समोर बघतो तर डोंगरावर पांढरी, गोल, लखलखीत तबकडी. ना हलते, ना डुलते. कप हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. आणि कधी? बरोब्बर तिन्हीसांजेला, बायकोने दिवे लावले की. म्हणजे कोणीतरी आमच्या घरावर नजर ठेवून होतं ना?

"सुलभा, हे प्रकरण साधं नाही. खिडकी उघड, नीट बघू दे."

"डास येतात. काचेतून बघा."

आता मला तिचाही संशय यायला लागला.

मेहुण्याला फोन केला. हा बाळ्या लग्नापासून मला फेकू म्हणतो. "भावोजी, जरा कमी फेका," म्हणाला. माझं डोकंच फिरलं. आकाशातल्या अनोळखी वस्तू तपासणाऱ्या सरकारी खात्याला चार पानी पत्र धाडलं. आयुष्यात एकदा तरी या माणसाने माझं खरं मानावं, एवढीच इच्छा होती हो.

आणि चक्क एक शास्त्रज्ञ बाई तपासाला आल्या. बाळ्यालाही मुद्दाम बोलावलं. बाईंच्या हातात वही, चेहरा मख्ख. प्रकरण दाबायलाच पाठवलंय यांना, मी लगेच ओळखलं.

सुलभाने दिवा लावला. तबकडी हजर. बाळ्याने आ वासला. काय सांगू, त्या क्षणी मी केवढा मोठा झालो!

बाईंनी उठून खिडकी सरकवली. तबकडी गायब.

"बघा, तुम्हाला बघून पळाली," मी म्हणालो.

त्यांनी खिडकी लावली. तबकडी परत. मग सुलभाला म्हणाल्या, "ताई, जरा हा दिवा बंद करता?"

बंद केला, तर डोंगर काळाकुट्ट. लावला, तर तबकडी.

सगळ्यांच्या माना हळूहळू वर गेल्या. छताला पांढरा, गोल, लखलखीत दिवा. तोच काचेत दिसत होता.

"काका, हा कधी बसवला?"

"तबकडी दिसली त्याच्या आदल्या दिवशी."

"कोणी?"

"मीच."

"मग वस्तू अनोळखी कशी?" म्हणत बाईंनी वही मिटली.

"सहा महिने मी यांच्या मागे लागले होते, तेव्हा कुठे बसवला," सुलभाने वर साक्ष दिली.

आता रोज तिन्हीसांजेला बाळ्याचा फोन येतो.

"भावोजी, पाहुणे आले का? नसतील तर बटण दाबा."