इंदूबाई गुवाहाटीला जाते

साठी ओलांडल्यावर माणगावजवळच्या इंदूबाईने पहिल्यांदाच इतका लांबचा प्रवास केला. नवरा, बुधाजी, जाऊन वर्ष झालं होतं. एकुलता मुलगा हितेश गुवाहाटीला नोकरीला. भातकापणी उरकली तसा त्याने धोशा लावला, की घराला कुलूप घाल आणि कायमची इकडेच ये. नको म्हणायला तिला तोंड उघडेना. शेवटी पुतण्याने तिला कल्याणला गाडीत बसवून दिलं.

रात्रीपर्यंत डब्यात थोडीफार मराठी ऐकू येत होती. सकाळी उठून बघते तर ती माणसं उतरून गेलेली. बाहेर डोंगर असा नाहीच. नुसती सपाट शेतं, नजर टेकवायला जागा नाही. सुक्या जवळ्याचा वास कुणाला खपणार नाही म्हणून तिने खिडकीकडे तोंड करून भाकरी खाल्ली.

समोर तिच्याच वयाची एक बंगाली बाई होती, तीही एकटी. दुपारी तिने सोललेलं संत्रं पुढे केलं आणि आपल्या भाषेत बोलू लागली. इंदूबाईला काही कळेना. बोलता बोलता बाई रडायला लागली, तेव्हा हिने तिचा हात धरून ठेवला. रडणं कुणासाठी होतं, ते शेवटपर्यंत समजलं नाही.

ती शांत झाल्यावर इंदूबाई बोलू लागली, मराठीतच. बुधाजी जेवता जेवता भिंतीला टेकला तो उठलाच नाही, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून आपण टीव्ही चालू ठेवतो, सगळं सांगितलं. आणि मग तोंडून निघून गेलं, "पोराकडं चाललेय, पन मला तिथं ऱ्हायाचं न्हाय, बाय."

बाई मान डोलवत राहिली. न्यू जलपायगुडीला उतरताना तिने इंदूबाईच्या गालावरून हात फिरवला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

गुवाहाटीला हितेश न्यायला आला होता. सून रचनाने खोली लावून ठेवली आहे, असं तो टॅक्सीत कौतुकाने सांगत होता. इंदूबाईने त्याला बोलू दिलं.

"हितेश, महिनाभर ऱ्हाते," ती म्हणाली. "मग मला घरी धाड. शेतात वाल उभा हाय."

"तिथं कोण आहे तुझं, आई?"

"कोन न्हाय. ठावं हाय मला."

परतीचं तिकीट काढतो, असं हितेश म्हणाला, पण आवाज पडला होता. उरलेल्या रस्त्यात मायलेक आपापल्या खिडकीतून बाहेर बघत राहिली.