निखिलचा सर्व्हर

नव्या गेमच्या पहिल्याच पडद्यावर लिहिलं होतं, 'हिरवं बटण दाबा.' माझ्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर हिरवं बटण नाही. ते टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर असतं.

"ताई, कन्सोलवाल्यांचे उतरलेले कपडे आपल्याला दिलेत," माझा धाकटा भाऊ निखिल फोनवर म्हणाला. आम्ही दोघंही हसलो.

लग्नानंतर मी इंदूरला आले, तो नाशिकलाच राहिला. या गोळीबाराच्या गेमचे जुने भाग आम्ही निखिलच्या सर्व्हरवर, म्हणजे त्याने इंटरनेटवर उघडलेल्या आमच्या अड्ड्यावर, खेळायचो. तिथे नेहमीचीच माणसं यायची. साताऱ्याचे एक दातांचे डॉक्टर तर बंदूक रोखून विचारायचे, "जेवलात का?"

नव्या भागात स्वतःचा सर्व्हर उघडायची सोयच ठेवलेली नाही. कोणी कोणाबरोबर खेळायचं, हे कन्सोलसारखं गेमच ठरवतो. त्याने मला एका अनोळखी गटात टाकलं आणि निखिलला दुसऱ्याच. इतकी वर्षं मी गोळीबारासाठी येत होते की त्या ओळखीच्या हाकेसाठी, कोण जाणे.

"ताई, कुठे आहेस?"

"कुठल्यातरी बर्फात. तू?"

"वाळवंटात."

फोन कोणीच ठेवला नाही. तो वाळवंटात खेळत राहिला, मी बर्फात, आणि त्याच्या कीबोर्डची टकटक कानाशी ऐकत राहिले.