मुकी पुंगळी

चार-पाच पुंगळ्या मुठीत घ्यायच्या, मूठ उजव्या कानाजवळ न्यायची आणि डोळे मिटून हलवायची. खुळखुळ. मग चाचा डोळे न उघडताच विचारायचे, "आयकलंस, बाय?"

मला काय कप्पाळ ऐकू येणार! पितळेची खुळखुळ, दुसरं काय. पण चाचा हसायचे. "यात एक मुकी हाय," म्हणायचे, आणि एकेक पुंगळी टेबलावर ठेवत नेमकी तीच बाजूला काढायचे. उजेडात धरली की तिच्या तोंडाशी केसाएवढी चीर दिसायची. तीही मला चष्मा लावून.

आधी सांगायला हवं की मी शारजाच्या पुढे, रस्ता संपून वाळू सुरू होते तिथल्या एका नेमबाजी क्लबमध्ये ऑफिस सांभाळते. मेंबरांचे फॉर्म, परवान्यांच्या तारखा, एसी बंद पडला की फोन. माझ्यासारख्या डोंबिवलीच्या बाईचा आणि बंदुकीचा संबंध काय, असं सासरच्यांनी विचारून झालंय. काही नाही. अल नहदाहून ऑफिसची बस येते, मी बसते. तुमच्याही ऑफिसात मागच्या बाजूला एक खोली असेल आणि तिथे एक माणूस असेल, ज्याच्यावाचून सगळं अडतं आणि ज्याचं नाव कुठल्याच बोर्डावर नसतं. आमच्याकडे ते चाचा होते.

रायफल झाडली की गोळी जाते आणि पितळेची रिकामी पुंगळी मागे पडते. ती नीट असेल तर धुऊन, तपासून पुन्हा भरता येते. भरायचं काम परवानावाला आर्मरर, म्हणजे बंदुका सांभाळणारा माणूस, कुलपाच्या खोलीत करायचा. पण कुठली पुंगळी भरायच्या लायकीची आणि कुठली नाही, हे चाचा ठरवायचे. एक चुकली, तर नेम धरणाऱ्याच्या गालाशी बार फुटणार. "माणूस आपला डोळा माझ्या भरवशावर बंदुकीला लावतो," असं ते म्हणायचे, आणि ते म्हणताना कधीच हसायचे नाहीत.

ते रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. वडिलांचा नारळाचा धंदा. लहानपणापासून नारळ कानाशी हलवून, टिचकी मारून निवडायचं काम. मग फुजैराच्या बंदरात बरीच वर्षं, आणि मग इथे. "नारळ काय, ब्रास काय," म्हणायचे. "चांगलं असेल ते बोलतं. फुटकं गप बसतं."

खजुराचे रिकामे खोके त्यांनी भिंतीला लावून ठेवले होते. एकदा झाडलेल्या पुंगळ्यांच्या खोक्यावर पेन्सिलीची एक रेघ, दोनदा झाडलेल्यांवर दोन. या खोक्यातली त्या खोक्यात कधी जायची नाही. एका बड्या मेंबराने एकदा सगळं एकत्र ओतलं आणि वर म्हणाला, "सब सेम है, यार." चाचांनी दोन दिवस बसून परत वेगळ्या केल्या, आणि त्यानंतर तो आला की यांना हटकून नमाजची वेळ व्हायची.

पुंगळी वाजवून झाली की टोक वाकवलेली तार आत घालून बुडापाशी फिरवायची, आतून पितळ झिजलंय का ते बोटाला कळतं. नापास झालेली पकडीत धरून चेपून टाकायची, म्हणजे चुकूनही कुणी उचलायला नको. चेपताना हळूच म्हणायचे, "खलास. आता आराम कर." आणि ती एका पत्र्याच्या डब्यात टण्णकन पडायची. तो मुक्यांचा डबा.

दुपारी एक ते तीन रेंज बंद. मी जेवणाचा डबा घेऊन त्यांच्या शेडच्या दारात बसायचे. आत पुंगळ्या धुवायचं पिंप संथ फिरत असायचं, खळळ, खळळ. बाहेर चादरीवर धुतलेल्या पुंगळ्या उन्हात उभ्या, आणि त्यांच्या पलीकडे वाळू थरथरत असायची. थोडा वेळ बघत राहिलं की कुठे पितळ संपतं आणि कुठे ऊन सुरू होतं तेच कळेनासं व्हायचं. चाचा माझी भरली वांगी खाऊन भिंतीला टेकायचे. "आमच्या खाडीचा आवाज हाय हा," पिंपाकडे बोट दाखवून म्हणायचे. "ओहोटीला खडे असेच लोळतात." मलाही मग झापड यायची. त्या अर्ध्या झोपेत मी किती वेळा त्यांच्या गावाला जाऊन आले, ज्या गावाला मी कधीच गेलेले नाही.

अशा दुपारी करत करत मला ऐकायला यायला लागलं. एक दिवस त्यांनी मूठ हलवली आणि त्यांच्याआधी मी म्हणाले, "आहे! एक मुकी आहे!" चाचा एवढे खूश झाले की आर्मररला हाका मारून बोलावलं. "साब, ये बाय का कान देखो!"

त्यांच्या स्वतःच्या कानांवर मात्र कधी काही नसायचं. बाकी सगळे रेंजवर कानाला आवाज अडवणारे मफ लावून फिरायचे. मी किती भांडले! "कान झाकले तर ब्रास कसं आयकू?" हे त्यांचं उत्तर. वर्षानुवर्षं ते उघड्या कानांनी त्या धडाडधुममध्ये वावरले.

माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी मला दिसायला लागलं. किटली शिट्टी मारतेय आणि चाचांची पाठ हलत नाही. फोनवर काहीही विचारा, उत्तर "हां हां, इन्शाल्ला." मी थट्टा करायचे, "काय चाचा, निकाह ठरवलाय का दुसरा?" तर त्यालाही "हां हां."

मग एक दुपार. त्यांनी मूठ हलवली, डोळे मिटलेले, चेहरा नेहमीसारखा शांत. "सगळ्या बोलतात," म्हणाले. मला त्यात मुकी स्वच्छ ऐकू आली होती.

त्यांचा व्हिसा दोन महिन्यांत संपणार होता आणि साठी उलटलेल्या माणसाचा व्हिसा पुढे काढायचा तर काम धडपणे करता आलं पाहिजे. कागद माझ्याच टेबलावर होते. गावाला मुलगी होती, जावई होता, खाऊनपिऊन सुखी. पण चाची गेलेल्या. "तिथे मी काय करू गो? ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम?" असं ते म्हणायचे. त्यांना कामच हवं होतं, दुसरं काहीच नको होतं.

मी काय केलं, तर ते चहा ओतायला वळले तेव्हा ती पुंगळी उचलून पर्समध्ये टाकली. आणि मग रोजच. ते नमाजला गेले की मी त्यांनी कानाने पास केलेल्या, अजून तार न फिरवलेल्या पुंगळ्या मुठीमुठीने वाजवायचे, मुकी सापडली की पर्समध्ये. मला वाटायचं, किती हुशार मी! कुणाला इजा नाही, कुणाची नोकरी जात नाही. घरी माझ्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "मम्मा, दॅट्स लाइंग." मी तिला गप्प बसवलं.

तीन आठवडे चाललं. मग दुबईत ऊद मेथाला मुलीच्या शाळेचा कार्यक्रम होता म्हणून मी दोन दिवस रजा घेतली. परत आले तर चाचा शेडच्या दारात उभे. पिंप बंद. हातात मुक्यांचा पत्र्याचा डबा.

त्यांनी तो उलटा केला. दोनच पुंगळ्या पडल्या.

"या दोन माझ्या कानाला बोलल्या, पण काल-परवा तारेला लागल्या," ते म्हणाले. "तू नव्हतीस तेव्हा. त्याआधी तीन आठवडे हा डबा रिकामा. इतक्या वर्षांत एक आठवडापण रिकामा नाय गेला, बाय. आधी वाटलं ब्रास चांगलं येतंय. मग कळलं, मी बहिरा झालोय आणि कोणतरी माझ्या मागून झाडू मारतंय."

मी पर्स उघडली. रडतच अकरा पुंगळ्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी एकेक घेऊन कानाशी वाजवली. डोळे मिटून, अगदी मनापासून. मग पकड घेतली आणि एकेक चेपली. या वेळी पुंगळीला ते काही बोलले नाहीत.

"चाचा, मी ऐकते ना तुमच्यासाठी," मी त्यांच्यासमोर जाऊन मोठ्याने म्हणाले. "मी आहे ना! कुणाला कळणार आहे?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "आणि तुला सुट्टी असेल त्या दिवशी?" त्यांनी विचारलं. "त्या दिवशी बंदूक कोणाच्या गालाला असेल?"

मी रिकामी पर्स बंद केली.

त्यांनी हात धुतले, डोक्यावर टोपी नीट केली आणि स्वतः मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मॅनेजर लेबनानचा, मनाने बरा माणूस. "साब, कान गया. अब मैं खलास," एवढंच चाचा म्हणाले. त्याने आधी दवाखान्यात पाठवलं, कानाचं मशीन बसवून पाहिलं. चाचांनी मशीन लावून मूठ हलवली आणि पहिल्यांदा जोरात हसले. "यात सगळंच बोलतं गो! मुकंपण बोलतं!" मशीन काढून माझ्या हातात ठेवलं. मॅनेजरने चहाच्या कामावर ठेवतो म्हटलं, त्याला ते नको म्हणाले.

जाताना एक पुंगळी आठवण म्हणून न्यायची त्यांची फार इच्छा होती. विमानतळावर पकडतील म्हणून आर्मररने नेऊ दिली नाही. त्यांनी पाच रेघांच्या खोक्यातली एक काढली, थोडा वेळ बोटांनी फिरवली आणि परत त्याच खोक्यात ठेवली. "हिची माणसं इथे हायेत," म्हणाले. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर मागे सरले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आता तिथे तारेवर आणि मशीनवर काम चालतं. बरं चालतं. दुपारी मी ऑफिसातच जेवते.

परवा दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. अंगणात नारळांचा ढीग, मधे चाचा, बनियनवर. जावयाने बागेचं काम त्यांच्याकडे दिलं होतं. त्यांनी एक नारळ फोनसमोर धरून हलवला आणि डोळे मिटायचे ते मिटले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले.

"आयकलंस, बाय? बोलतो काय?"

मला काही ऐकू आलं नव्हतं. नेटवर्कची खरखर नुसती. क्षणभर वाटलं, हो म्हणावं. किती सोपं होतं! पण मी मान हलवली, नाही म्हणून.

चाचा खूश झाले. "शाबास," म्हणाले. मग त्यांनी फोन उचलून नारळाला टेकवला. माझा स्क्रीन काळा झाला. मी फोन कानाशी घेतला, डोळे मिटले, आणि त्या अंधारात पाणी हललं.

बोलत होता. मी जोरजोरात मान हलवू लागले, आणि चाचांचा चेहरा परत दिसेपर्यंत हलवतच राहिले.