उजव्या हाताची नोंद

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, या सगळ्यातून तुम्हाला नक्की काय हवं आहे? भेट लॅपटॉपवरच झाली. तेव्हा सगळंच लॅपटॉपवर चालायचं. लोक बहुधा नुकसानभरपाई म्हणत असतील, किंवा डॉक्टरांची माफी. मी म्हटलं, मला एक वाक्य लेखी हवं आहे. माझ्या मुलीचा हात जन्माच्या वेळी दुखावला, नंतर घरी नाही, असं. ते मला पुण्याला माझ्या आईला दाखवायचं आहे. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

मी बाळंत झाले ते पहिल्या लॉकडाउनच्या वर्षी. आई-बाबांचा व्हिसा आला होता, तिकिटं काढली होती, आईच्या बॅगेत डिंकाचे लाडू भरून तयार होते, आणि ऑस्ट्रेलियाने दारं लावून घेतली. लाडू शेजाऱ्यांनी खाल्ले. सिडनीत, स्कोफिल्ड्सच्या आमच्या नव्या घरात मी, नवरा आणि भिंतींना अजून रंगाचा वास. मी फोनवर रडले की आई म्हणायची, "अगं, बायका शेतात बाळंत होतात." माझी आई जन्मभर सदाशिव पेठेत राहिली, शेत तिने एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं. पण मला तेव्हा हसू यायचं.

कळा सुरू होऊन दुसरा दिवस उजाडला. बाळाचे ठोके मंदावायला लागले तेव्हा डॉक्टरांनी व्हॅक्यूम लावायचं ठरवलं. डोक्याला कप लावून ओढतात. डोकं आलं आणि खांदा आत अडकला. मग खोलीत एकदम किती माणसं आली, सांगता येत नाही. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, वर प्लॅस्टिकची ढाल, कुणाचा चेहरा म्हणून दिसेना. कुणीतरी माझे गुडघे पोटाशी दाबले, कुणीतरी ओटीपोटावर. मग ती रडली. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तशीच एक ढाल आली, तिने बाळाला दुपट्यातून सोडवून हातपाय हलवून पाहिले, माझ्याशी बराच वेळ बोलली. मी मान डोलावली. संध्याकाळी आम्हाला घरी सोडलं. त्या वर्षी हॉस्पिटलात कुणाला जास्त ठेवायला कुणी राजी नव्हतं.

बाराव्या दिवसापासून आईने मालीश सुरू करायला लावलं. फोन समोर उभा करायचा, बाळाला पायांवर घ्यायचं. हात माझे, सूचना तिच्या. "दोन्ही हात छातीवर आडवे घे, आता उघड. उजवा हात डाव्या पायाला लाव. अशी घाबरतेस काय, काच आहे का ती?" मागून बाबा सांगायचे की तेल जास्त होतंय. त्यांनी आयुष्यात एका मुलाला आंघोळ घातली नव्हती. तो अर्धा तास माझ्या दिवसातला सगळ्यात चांगला असायचा, आईच्याही असावा.

तीन आठवड्यांनी तपासणीला गेलो तेव्हा नर्सने पाहिलं की उजवा हात नुसता अंगाला लागून पडलेला असतो. मी तो पाहिला नव्हता का? पाहिला होता. पण तान्ह्या बाळाचा हात कसा असतो हे मला काय माहीत. नर्सने विचारलं, घरी कुणी हात ओढला का? मी मालीश सांगितलं. तिने ते टाईप केलं.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. गाडीत नवरा म्हणाला, "अगं, तिने फक्त विचारलं. ब्लेम नाही केलं कुणाला." मी घरी येऊन आईला फोन लावला आणि म्हटलं, "तुझ्या त्या मालिशने माझ्या पोरीचा हात गेला." बाबा शेजारीच बसले होते. बाबांनी तिच्याकडे वळून पाहिलं, ते मला फोनमध्ये दिसलं.

पुढे मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्यात, आणि हे बहुतेक जन्माच्या वेळीच होतं. मी लगेच आईला कळवलं. ती म्हणाली, "बहुतेक ना?" मी म्हटलं, "अगं, डॉक्टर असंच बोलतात." ती "बरं" म्हणाली. त्यानंतर ती फोनवर बाळाकडे बघायची आणि हाताबद्दल सोडून काही विचारायची नाही. रोज तोच एक प्रश्न, आणि रोज माझं तेच उत्तर, की फिजिओ चालू आहे.

म्हणून मी वकील शोधला. बाईंनी नीट समजावलं. मुलाला काय झालंय हे पालकांना कळलं, की साधारण तेव्हापासून तीन वर्षं असतात. आधी हॉस्पिटलची कागदपत्रं मागवायची, मग एका तज्ज्ञाचं मत घ्यायचं. आणि दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्या म्हणाल्या: इजा प्रसूतीत झाली हे एक, आणि ती कुणाच्या हलगर्जीपणामुळे झाली हे दुसरं. मला पहिल्यावर भागणार होतं, असं मला वाटत होतं.

कागद मार्चमध्ये आले. मुलगी दुपारची झोपली होती. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेते, तेव्हा ओळ न ओळ वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळची नोंद सापडली: उजवा हात डाव्यापेक्षा कमी हलतो. बहुतेक वगैरे काही नाही. मालीश सुरू व्हायच्या दहा दिवस आधीची. मी फोन उचललासुद्धा. मग खालची ओळ वाचली. आईशी बोलणं झालं. घरी हात जपायला, ताणू नये म्हणून सांगितलं. काळजी वाटली तर लगेच दाखवावं. आईला शंका नाहीत.

ती आई म्हणजे मी. मला सांगितलं होतं. त्या ढालीमागून ती बाई हेच बोलत होती, आणि दोन रात्रींची न झोपलेली मी मान डोलावून, माझी मला खात्री आहे, "नो वरीज" म्हणाले असणार. या देशात पाच वर्षं मी प्रत्येक गोष्टीला तेच म्हणत आले होते, कळलं तरी आणि नाही कळलं तरी.

मी फोन खाली ठेवला. वरची ओळ सांगितली असती तर आईने विचारलंच असतं, मग तुला तेव्हा कुणी बोललं नाही का? आईशी मला खोटं बोलता येत नाही, पकडते. मी स्वतःला समजावलं की तज्ज्ञांचं मत येऊ दे. केस उभी राहिली की सांगू, डॉक्टरांची चूक होती. तुझी नाही, आणि माझीही नाही. मला आता ते एक वाक्य पुरत नव्हतं, मला गुन्हेगार हवा होता. नवरा दोनदा म्हणाला, आईंना सांगून टाक. मी दोन्ही वेळा त्याच्यावरच खेकसले.

एप्रिलच्या शेवटी दुसऱ्या लाटेत बाबा गेले. आठ दिवस हॉस्पिटलात होते. मी जाऊ शकले नाही. गेले असते तर परत येऊ दिलं नसतं, आणि मुलगी नऊ महिन्यांची होती. चुलतभावाने स्मशानातून फोनवर दाखवलं, ते काही बघण्यासारखं नव्हतं. त्यानंतर आईला आणखी काही सांगायची माझी हिंमत झाली नाही.

तज्ज्ञांचं मत वर्षाअखेरीला आलं. इजा प्रसूतीच्या वेळची, हे निश्चित. पण खांदा अडकल्यावर बाळाचा जीव वाचवायला जे केलं ते इतर डॉक्टरांनीही केलं असतं. बाई हळू आवाजात म्हणाल्या की याच्यावर केस उभी राहणार नाही. मी त्यांचे आभार मानले.

पुढच्या वर्षी दारं उघडली आणि आई आली. एअरपोर्टवर मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, कडेवर घेतलं नाही. म्हणाली, पाठ दुखते. आठवडा झाला तरी पाठ दुखतच होती. मुलगी डावा हात वर करून "आजी, अप" म्हणायची आणि आई दोन्ही हात पदरात घेऊन बसायची. मी ते सात दिवस पाहिलं. आठव्या दिवशी दुपारी, मुलगी चाइल्डकेअरला गेल्यावर, आईसमोर कागद ठेवला आणि दोन्ही ओळींवर बोट ठेवून सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि तुला बोलले. माफ कर म्हटलं. हे सांगताना मी रडत होते, आई रडत नव्हती.

तिने चष्मा लावला आणि स्वतः वाचलं, सावकाश, इंग्रजी शब्द ओठांत म्हणत. मग विचारलं, "हा कागद कधी आला तुझ्याकडे?"

"मार्चमध्ये."

"आत्ताच्या?"

"नाही. गेल्या वर्षीच्या."

ती बोटांवर महिने मोजायला लागली. मला कळेना ती कसला हिशेब करतेय.

"म्हणजे हे होते तेव्हा," ती म्हणाली. "तुझा तो फोन झाला ना, त्यानंतर हे माझ्याशी धड बोललेच नाहीत. जेवायला वाढलं की जेवायचे. नातीचा हात घालवलास, म्हणायचे. अँब्युलन्समध्ये बसतानासुद्धा मागे वळून पाहिलं नाही."

तिने कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे दिला.

"एक फोन करायचास गं."